दुसऱ्याच्या मनातली चुकीची समजूत

श्रोतेहो, नमस्कार. अडीच-तीन वर्षांचे मूल आजीशी फोनवर बोलताना काही विचारले की तोंडाने ‘हो’ न म्हणता नुसती मान डोलावते, नाहीतर नवी चप्पल फोनसमोर धरून ‘बघ’ म्हणते. आपल्याला दिसते ते आजीलाही दिसत असणार, याविषयी त्याच्या मनात शंकाच नसते. (व्हिडिओ कॉल आल्यापासून ही गंमत कमी झाली, हा भाग वेगळा.) समोरच्याला आपल्याहून वेगळे काही ठाऊक असू शकते, इतकेच नव्हे, तर त्याची समजूत साफ चुकीची असली तरी तो तिला धरूनच वागतो, हे मुलाला केव्हा आणि कसे उमगते, याविषयी आज बोलायचे आहे.

१९८३ मध्ये हाइन्झ विमर आणि योसेफ पर्नर या मानसशास्त्रज्ञांनी मुलांना एक गोष्ट सांगितली. माक्सी चॉकलेट एका कपाटात ठेवून खेळायला जातो, आणि त्याच्या माघारी आई ते दुसऱ्या कपाटात ठेवते. परत आल्यावर माक्सी चॉकलेट कुठे शोधेल? लहान मुले बेधडक नव्या कपाटाकडे बोट दाखवतात. पुढे ही चाचणी सोपी करून अनेक देशांत घेतली गेली, तेव्हा साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी बहुतेक मुले बरोबर उत्तर देऊ लागतात असे दिसले.

तीन वर्षांचे मूल आत्मकेंद्री असते म्हणून चुकते, असे आपण चटकन म्हणून टाकतो. पण त्याच्या मनात स्वतःलाही झुकते माप नसते. चॉकलेटच्या गोळ्यांची डबी दाखवून ‘आत काय असेल?’ असे विचारले, की ते ‘चॉकलेट’ म्हणते. उघडल्यावर आत पेन्सिली निघतात. डबी पुन्हा बंद करून ‘उघडण्याआधी तुला काय वाटले होते?’ असे विचारले, तर ते गंभीरपणे ‘पेन्सिली’ असे सांगते. क्षणापूर्वीची स्वतःची चूक त्याला सांगता येत नाही, आणि ज्याने डबी उघडलेली नाही असा मित्रही ‘पेन्सिली’च म्हणेल, असे त्याला वाटते.

पंधरा महिन्यांच्या बाळांनाही हे कळते, असे त्यांच्या नजरेवरून सुचवणारा एक प्रयोग २००५ मध्ये प्रसिद्ध झाला. मात्र नजरेवर आधारलेले असे काही प्रयोग पुन्हा केल्यावर तसेच निष्कर्ष मिळाले नाहीत. बाळ अधिक वेळ टक लावून पाहते, एवढ्यावरून त्याला दुसऱ्याचा गैरसमज कळला असे म्हणणे मला तरी घाईचे वाटते.

मग हे आकलन येते कोठून? या बाबतीत कर्णबधिर मुलांकडून फार मोलाचे कळले आहे. ज्यांचे आईवडील स्वतः कर्णबधिर असून घरात सांकेतिक भाषा सहज वापरतात, ती मुले या चाचण्यांत मागे पडत नाहीत. ऐकू येणाऱ्या कुटुंबात जन्मलेली, सांकेतिक भाषा उशिरा मिळालेली मुले मात्र बुद्धीने कुठेही उणी नसताना अनेकदा काही वर्षे मागे राहतात. ‘ताईला वाटले की तू झोपलास, म्हणून तिने दिवा घालवला’ यासारखी वाक्ये इतर मुलांच्या कानावर दिवसभर पडत असतात. घरच्यांशी जेवणापाण्यापुरत्या खुणा करणाऱ्या मुलाला ती कोण सांगणार?

निकाराग्वात १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात कर्णबधिर मुले शाळेत प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली आणि त्यांच्या आपसांतल्या हातवाऱ्यांतून एक नवी सांकेतिक भाषा घडली. पहिल्या तुकडीतली मुले मोठी झाली, तरी त्यांच्या बोलण्यात ‘वाटणे’, ‘ठाऊक असणे’ यांसाठीच्या खुणा तुरळक होत्या. नंतर आलेल्यांच्या बोलण्यात त्या विपुल होत्या. जेनी पायर्स आणि अ‍ॅन सेंगास यांनी दोन्ही गटांची चाचणी घेतली, तेव्हा नोकरी-संसार सांभाळणारी थोरली माणसे गैरसमजाच्या प्रश्नांवर अडखळली आणि धाकट्यांना ते सहज जमले. सुमारे दोन वर्षांनी त्यांनी थोरल्यांना पुन्हा गाठले. मधल्या काळात धाकट्यांच्या सहवासात त्यांनी या खुणा उचलल्या होत्या, आणि त्याच प्रश्नांची उत्तरे आता ते पूर्वीपेक्षा बरीच चांगली देत होते.