कोऱ्या कागदाचा मायना

नमस्कार श्रोतेहो.

माझी आजी पत्रं सांगायची आणि मी लिहायचो. ‘तीर्थरूप’ कोणाला, ‘चिरंजीव’ कोणाला, ‘सा. न.’ म्हणजे साष्टांग नमस्कार कुठे, ‘अ. उ. आ.’ म्हणजे अनेक उत्तम आशीर्वाद कुठे, पत्राच्या सुरुवातीचा हा सगळा मायना तिला पाठ. अडायची ती एकाच पत्रापाशी. तिचे एक चुलतसासरे वयाने तिच्याहून लहान होते. नात्याने वडील, वयाने धाकटे. पोस्टकार्ड समोर कोरं, मी पेन उघडून बसलेलो, आणि आजी म्हणायची, “थांब रे, मायना मागाहून घालू. आधी पाऊसपाण्याचं लिही.”

योगी चांगदेवांना पाऊसपाण्याचंही लिहिता आलं नाही.

कथा तुम्हाला ठाऊकच आहे. तापीकाठचे हे सिद्धपुरुष. योगबळाने चौदाशे वर्षं काळाला हुलकावणी दिलेले, वाघ-साप त्यांच्या मुठीत. ज्ञानदेवांची कीर्ती कानावर आली आणि त्यांनी पत्र लिहायला घेतलं. ‘चिरंजीव’ लिहावं, तर त्या मुलाचं ज्ञान आपल्याहून थोर. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर तो विशीच्या आतबाहेरचा पोर. शेवटी कोराच कागद धाडला. तो पाहून मुक्ताबाई हसली: चौदाशे वर्षं जगून हे कोरेच राहिले!

चौदाशे हा आकडा कोणी जन्मदाखल्यासारखा घेऊ नये. पण अहंकार नेमका कुठे दडून बसतो, ते या कथेइतकं चोख मी दुसरीकडे वाचलेलं नाही. हल्ली गुप्तविद्येची, कुंडलिनी म्हणजे देहात निजलेली शक्ती, तिच्या जागृतीची शिबिरं भरतात. शनिवार-रविवार, चहा-नाश्त्यासह. पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावलेला असतो आणि आपण कितव्या पायरीवर आहोत, हे जेवणाच्या पंगतीत एकमेकांना सांगितलं जातं. तिथल्या साधकांना मी हसत नाही. पण पंगतीतलं ते सांगणं ऐकलं, की चांगदेवांचा कागद आठवतो.

पायऱ्या आपल्या परंपरेतही आहेत, आणि त्या काही गोड नाहीत. शके 1212 मधली ज्ञानेश्वरी, सहावा अध्याय. कुंडलिनी म्हणजे कुंकवात न्हालेलं नागिणीचं पिल्लू, वेटोळं घालून निजलेलं. ते जागं होतं ते भुकेलेलंच. आधी आतला वारा गिळतं, मग मांस, तळहात, तळवे. नखांतलंसुद्धा सत्त्व काढून घेतं. देहातल्या सातही धातूंचा सागर तहानेल्या घोटात रिचवतं आणि मगच निवतं. त्यानंतर देहाला नवी कांती येते, हिऱ्यांची ओळ बसवावी तसे नवे दात येतात. साधकाला समुद्रापलीकडचं दिसू लागतं, मुंगीच्या मनातलं कळू लागतं, पाण्यावरून चालताना पाऊल भिजत नाही.

बहुतेकांना वाटेल, पोचलो! ज्ञानदेव मात्र तिथे रेंगाळत नाहीत. मुंगीचं मन ही त्यांच्या लेखी वाटेवरची एक धर्मशाळा. पुढे ती शक्ती हृदयात शिरते, आणखी वर चढते, आणि पुढे तर ‘कुंडलिनी’ हे तिचं नावही गळून पडतं. उरतो नुसता प्राण, आणि तोही शेवटी आकाशात आकाश मिळावं तसा मिळून जातो. नाथपंथाचा यासाठीचा शब्द आहे ‘पिंडें पिंडाचा ग्रासु’. पिंडानेच, म्हणजे देहानेच, देह गिळायचा. पतंजलींनीही योगसूत्रांत सिद्धींना समाधीतले उपसर्ग, म्हणजे अडथळेच म्हटलं आहे.

चांगदेव त्या धर्मशाळेत मुक्कामाला राहिले होते. देह जिंकला, काळ जिंकला; पण समोरच्यापेक्षा मी मोठा की लहान, हा हिशेब चालूच होता. हिशेब करणारा ‘मी’ एकाही सिद्धीने हलला नाही. तो अडखळला एका मायन्यापाशी.

आता उत्तराकडे या. निवृत्तिनाथांच्या सांगण्यावरून ज्ञानदेवांनी पासष्ट ओव्या लिहिल्या, तीच चांगदेव पासष्टी. त्यांनी मायना काय घातला असेल? चिरंजीव नाही, तीर्थरूपही नाही. सुरुवात आहे ‘स्वस्ति श्रीवटेशु’. नमन वटेश्वराला, म्हणजे चांगदेवांच्याच दैवताला. पुढे ते सलगीने ‘चांगया’ म्हणतात आणि त्याला वटेश्वराचा पुत्र म्हणतात, कापराचा जसा रवा, म्हणजे कण. रव्यात आणि कापरात थोरला कोण, धाकटा कोण? मग म्हणतात, तू माझं बोलणं ऐकणं म्हणजे तळहाताने स्वतःलाच मिठी मारणं. पाण्याचा ठाव घ्यायला मीठ आत शिरलं, आता मीठच उरलं नाही, तर माप कोण घेणार? मला तर मिठाची ही ओवी वाचताना दर वेळी आजीचं ते कोरं पोस्टकार्ड दिसतं.

एवढं पत्र हाती पडलं, तरी चांगदेवांना ते उमगलं नाही म्हणतात. ते निघाले वाघावर बसून, हातात सापाचा चाबूक, मागे शिष्यांचा लवाजमा. ही भावंडं भिंतीवर बसली होती, ती भिंतच चालत सामोरी गेली. वाघ आणि भिंत ही जोडी इतर संत-फकिरांच्या गोष्टींतही भेटते. पण आळंदीला ती भिंत आजही दाखवतात, लोक तिला हात लावून नमस्कार करतात, मीही केला आहे.

चांगदेव वाघावरून उतरले. त्या पासष्ट ओव्यांचा अर्थ त्यांना मुक्ताबाईने उलगडून सांगितला आणि तिलाच त्यांनी गुरू केलं. चौघांत ती सर्वांत धाकटी. कोरा कागद धाडताना तिच्यासाठी कोणता मायना लिहावा, हा प्रश्न त्यांच्या मनात आलाही नसेल.

नमस्कार.