पाठीवरचा डबा आणि समुद्रातला बूस्टर

(दृश्य: बीड जिल्ह्यातली विहीर, उन्हाळ्यातली दुपार)

मराठवाड्यात समुद्र नाही. इथली पोरं विहिरीत पोहायला शिकतात. पाठीला पत्र्याचा रिकामा डबा बांधायचा आणि काठावरून उडी टाकायची. त्याआधी आबा डबा कानाशी धरून हलवतात. आत पाणी खळखळलं, तर बूच पुन्हा आवळतात. याच डब्यावर या पोराचा बापही पोहायला शिकला होता.

(दृश्य: अटलांटिक महासागर, संग्रहातली चित्रफीत)

अमेरिकेच्या स्पेस शटलला, म्हणजे पुन्हापुन्हा वापरल्या जाणाऱ्या अंतराळयानाला, दोन बाजूंना दोन पोलादी बूस्टर असत, उड्डाणाला जोर देणारे रॉकेट. एकेक 45 मीटर लांब, आत पाचशे टन घन इंधन. ते दोन मिनिटांत जळून जाई आणि सुमारे 45 किलोमीटर उंचीवर रिकामे बूस्टर सुटत. तीन मोठी पॅराशूट उघडली, तरी ते ताशी ऐंशीएक किलोमीटर वेगानं पाण्यावर आदळत.

पण बुडत नसत. पडताना बूस्टरच्या नळीचं तोंड, जिथून आग बाहेर पडे ते, खाली असे. उपडी घागर हौदात दाबली की आतली हवा तिला वर ढकलते ना, अगदी तसंच. बूस्टर उभाच तरंगत राही, शेंडा तेवढा पाण्यावर.

मग खरं काम सुरू होई. 'लिबर्टी स्टार' आणि 'फ्रीडम स्टार' ही दोन जहाजं किनाऱ्यापासून दोनशेहून जास्त किलोमीटर आत येऊन थांबलेली असत. पाणबुडे तीसेक मीटर खाली उतरत. आपल्याकडची शंभर फुटी विहीर डोळ्यांपुढे आणा, म्हणजे ती खोली कळेल. तिथं जाऊन ते नळीच्या तोंडाला बूच बसवत. जहाजावरून हवा भरली जाई, आतलं पाणी बाहेर पडे आणि एवढं थोरलं धूड हळूच पाण्यावर आडवं होई. मला उड्डाणापेक्षा हा क्षण मोठा वाटतो.

1982 मध्ये चौथ्या उड्डाणात पॅराशूटनी दगा दिला आणि दोन्ही बूस्टर तळाला गेले. एरवी ते ओढून आणायचे, गोड्या पाण्यानं खार धुवायची, सुटे करून रेल्वेनं अमेरिकेतल्या युटा राज्यात पाठवायचे आणि पुन्हा इंधन भरायचं, हे तीस वर्षं चाललं.

2022 मध्ये आर्टेमिस या अमेरिकेच्या चांद्रमोहिमेच्या पहिल्या उड्डाणात त्यांतलेच काही पोलादी भाग पुन्हा आकाशात गेले. या खेपेला पॅराशूट नव्हतं आणि आणायला जहाजही गेलं नाही. इतक्या वेळा धुऊन-पुसून जपलेलं ते पोलाद आता अटलांटिकच्या तळाशी आहे. जीव हळहळतो.

(दृश्य: विहीर. आबा बूच आवळतात. पोरगं उडी मारतं.)