तापल्यावर किती देतो?

(नागपुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

नमस्कार. बसा, मागे खुर्च्या आहेत. कूलरसमोर बसलेल्यांना माझं बोलणं ऐकू येणार नाही, पण तिथून उठायलाही कोणी तयार होणार नाही. तेव्हा मीच मोठ्याने बोलतो.

विषय पत्रिकेवर छापला आहेच: शिडाच्या बोटीच्या इंजिनावर जास्त क्षमतेचा दुसरा अल्टरनेटर, म्हणजे इंजिनाच्या पट्ट्यावर फिरून बॅटरी भरणारा डायनामो, कसा बसवावा. पत्रिका वाचून आमच्या सौभाग्यवतींनी विचारलं, "हे नागपुरात कोणाच्या कामाचं?" आपल्याकडे झीरो माइल आहे, समुद्र कुठूनही जवळ नाही. पण अंबाझरीवर एनसीसीची पोरं शिडं उभारतात, आणि जहाजांच्या इंजिनरूममध्ये आयुष्य काढून नागपुरात परत आलेले माझ्यासारखे लोकही या शहरात बरेच आहेत. शिवाय अल्टरनेटर तुमच्या गाडीत आहे, ट्रॅक्टरमध्ये आहे. आणि उन्हाळा म्हणजे काय हे नागपूरकराला समजावून सांगावं लागत नाही. आजचा विषय खरं तर उन्हाळ्याचाच आहे.

बोट वाऱ्यावर चालते, मग वीज कशाला, असं पुष्कळांना वाटतं. आपल्या नौदलाची शिडाची बोट 'म्हादेई' घ्या, ५६ फुटांची, गोव्यात बांधलेली. २००९-१० मध्ये दिलीप दोंदे तिच्यावरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी गेले, तेही कुठेही न थांबता. न थांबता म्हणजे वाटेत डिझेलही नाही. पण एकटा माणूस झोपणार कधी? सुकाणू ऑटोपायलट धरणार, आणि त्याला वीज लागते. रेडिओ, दिवे, उपकरणं आहेतच. सहलीच्या बोटीवर त्यात फ्रिज येतो, मग फोन, मग लॅपटॉप. शीड कितीही फुगलं तरी बॅटरी त्याने भरत नाही.

माझे एक स्नेही आहेत, मूळचे धंतोलीचे. कोचीला बोलगट्टीच्या मरिनात त्यांची बोट असते. घरखर्चाच्या बॅटऱ्या, म्हणजे इंजिन सुरू करायची सोडून बाकी सगळं चालवणाऱ्या, ४०० अँपिअर-तासांच्या, लेड-अ‍ॅसिड. रोजचा खर्च दीडशे अँपिअर-तासांच्या आसपास. इंजिनाबरोबर आलेला अल्टरनेटर गाडीच्या जातीचा, ६० अँपिअरचा. हिशेब सोपा वाटतो: अडीच तास इंजिन चालवा, झालं. प्रत्यक्षात चार तास धडधडाट करूनही बॅटऱ्या उपाशीच. कारण अल्टरनेटरच्या आतला रेग्युलेटर, म्हणजे चार्जिंग कमी-जास्त करणारा भाग, व्होल्टेज मोजतो तो स्वतःच्या टर्मिनलवर. तिथे त्याला १४ दिसतात. मधल्या वायरीत आणि आयसोलेटरच्या, म्हणजे दोन बॅटऱ्या एकमेकींपासून वेगळ्या ठेवणाऱ्या डब्याच्या, डायोडमध्ये पाऊण-एक व्होल्ट खर्च होतो. बॅटरीला मिळतात जेमतेम १३, आणि रेग्युलेटर खुशाल हात आखडता घेतो.

स्नेह्यांनी मग एका मोठ्या शहरातल्या दुकानातून १२० अँपिअरचा अल्टरनेटर घेतला. दुकानाचं नाव सांगत नाही, इथे दोन वकील बसलेत. चकचकीत माल, लेबल सोनेरी. बोटीवर बसवला, तासाभराने मीटर बघितला तर ६५. दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, "तुमच्या इंजिनातच दोष आहे." तुम्हाला हे ओळखीचं वाटेल. इन्व्हर्टरची बॅटरी मे महिन्यात दगा देते तेव्हा दुकानदार काय म्हणतो? "तुमच्या घराच्या वायरिंगमध्ये प्रॉब्लेम आहे." पंचवीस वर्षांपूर्वीची वायरिंग, तिच्यावर पाच उन्हाळे इन्व्हर्टर चालला, आणि दोष नेमका वॉरंटी संपण्याच्या महिन्यात उपजला! असो. यावर मी बोलत राहिलो तर संध्याकाळ जाईल.

तो अल्टरनेटर दिवाळीला ते सोबत घेऊन आले आणि आम्ही तो वाडीला नेला. अमरावती रोडवर ट्रकवाल्यांच्या वस्तीत एक सेल्फ-डायनामोवाले मिस्त्री आहेत. लोखंडी अँगलचा बेंच, त्यावर पाच हॉर्सपॉवरची थ्री-फेज मोटर, आणि भिंतीवर लाकडी पाटीला ठोकलेले ट्रक-गाड्यांच्या हेडलाइटचे वीस बल्ब. प्रत्येकाला खालून वेगळा खटका. मी त्यांना माहितीपत्रक दाखवायला लागलो, त्यावरचा आलेख वगैरे. ते म्हणाले, "साहेब, कागदावर काय लिवलं ते मले नका सांगू. तापल्यावर काय देते ते पाहू न!"

मोटर सुरू झाली. वीसही बल्ब लागले, मीटरवर १४ व्होल्ट, क्लॅम्पमीटरवर १०४ अँपिअर. स्नेह्यांचा चेहरा खुलला. मिस्त्रींनी चहा मागवला. वीसेक मिनिटांनी बल्ब पिवळे पडू लागले. मिस्त्री उठले, एक खटका बंद केला. व्होल्टेज वर आला. पाच मिनिटांनी दुसरा. मग तिसरा. वाइंडिंगच्या तारेवरच्या वॉर्निशचा वास यायला लागला, तो एकदा नाकात बसला की जात नाही. तास संपला तेव्हा १४ व्होल्टला तेरा बल्ब जळत होते आणि क्लॅम्पमीटर ६८ दाखवत होता. मिस्त्री म्हणाले, "हा घ्या तुमचा एकशेवीस."

यात जादू काही नाही. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.३९ टक्के वाढतो. वाइंडिंग शंभर अंशांनी तापलं की रोध जवळजवळ ४० टक्के वर. रोटरला, म्हणजे आत फिरणाऱ्या विद्युतचुंबकाला, व्होल्टेज तेवढाच, म्हणून फील्डचा, म्हणजे त्या चुंबकाचा, करंट पाऊणपटीच्याही खाली येतो. चुंबक कमजोर, वीज कमी. लेबल मात्र खोटं नसतं, हीच खरी गंमत. आयएसओ ८८५४ हे मानक आहे. त्यानुसार अल्टरनेटरचा आकडा ठरतो २३ अंशांच्या आसपासच्या हवेत, मिनिटाला ६००० फेऱ्यांवर. बोटीच्या बंद इंजिनखोलीत हवाच ५०-६० अंशांची असते, आणि नांगर टाकून चार्जिंग करताना इंजिन फिरतं १२०० वर. पुलीचं गुणोत्तर अडीच धरलं तरी अल्टरनेटर ३००० वर. दुकानदाराचा आकडा आणि आपली गरज यांची गाठच कधी पडत नाही. माझं आग्रहाचं म्हणणं एवढंच आहे: दुसरा अल्टरनेटर घेताना लेबल वाचू नका, तापल्यावर किती देतो ते विचारा. सांगता येत नसेल तर त्या दुकानातून निघा.

चिठ्ठी आली आहे. दहा मिनिटं म्हणे. बरं, म्हणजे पत्रिकेवरचा विषय आता सुरू करतो.

पहिला अल्टरनेटर काढू नका. तो इंजिन सुरू करायची बॅटरी सांभाळतो, बहुतेक इंजिनांवर आरपीएम मीटरला सिग्नलही तोच देतो, आणि एक बिघडला तर दुसरा राहतो. नवा बसवायचा तो शक्य असेल तर इंजिनाच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे दोन पट्टे क्रँकशाफ्टला एकाच दिशेने ओढणार नाहीत. बाजूने किती ओढ चालते ते इंजिनवाल्यांच्या पुस्तकात असतं, आधी ते बघा. ब्रॅकेट जाड हवं. पातळ ब्रॅकेट कंपनाने तडकतंच, यावर पैज लावायला मी तयार आहे.

ताकद. १०० अँपिअर, १४ व्होल्ट म्हणजे १४०० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ५५ टक्के धरा, इंजिनाकडून अडीच किलोवॅट जातात, साडेतीन हॉर्सपॉवरच्या जवळ. वीस हॉर्सपॉवरच्या इंजिनाला हे कळतं. उरलेले अकराशे वॅट उष्णता होऊन त्याच खोलीत राहतात. म्हणजे बंद कपाटात हीटर लावून ठेवल्यासारखं. हवा ओढणारा पंखा हवाच. साधा १० मिलीमीटरचा व्ही-पट्टा ८० अँपिअरच्या पुढे भरवशाचा नाही. त्यापुढे जोडपट्टा किंवा रेघांचा चपटा पट्टा घ्या. पुलीपाशी काळी पूड दिसली की पट्टा घसरतोय असं समजा.

रेग्युलेटर बाहेरचा, बॅटरीच्या टोकाशी व्होल्टेज मोजणारा, आणि त्याला तापमानाचे दोन सेन्सर, एक बॅटरीवर, एक अल्टरनेटरच्या अंगावर. अंग तापलं की तो फील्ड आपणहून कमी करतो, वॉर्निश जळायची वेळ येत नाही. इंजिन सुरू होताच भार टाकायचा नाही, थोड्या वेळाने हळूहळू वाढवायचा. लिथियम बॅटऱ्या असतील तर असा रेग्युलेटर सक्तीचा समजा. लेड-अ‍ॅसिड भरत आली की करंट कमी घेते, लिथियम जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण करंट ओढत राहते आणि अल्टरनेटरला दम घ्यायला फुरसत मिळत नाही. शिवाय तिच्या बीएमएसने, म्हणजे बॅटरीची राखण करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्रणेने, अचानक संबंध तोडला तर व्होल्टेज उसळून डायोड जातात. म्हणून बीएमएसने आधी फील्ड बंद करावं, मग बॅटरी तोडावी.

मागून प्रश्न आला, सोलर का नाही? लावा ना, जरूर लावा. पण ढगाळ आठवड्यात पॅनेल काय देणार? आणि आडव्या आलेल्या शिडाची सावली पॅनेलच्या कोपऱ्यावर पडली तरी नुकसान होतं. नांगर टाकल्यावर नुसत्या चार्जिंगसाठी डिझेल इंजिन हलक्या भारावर तासन्‌तास चालवणं वाईट, सिलिंडर गुळगुळीत होऊन तेल खायला लागतो. मोठा अल्टरनेटर भार देतो आणि वेळही कमी करतो.

वायर राहिली. जाण्या-येण्याची मिळून सहा मीटर, ३५ चौरस मिलीमीटरचं तांबं, १०० अँपिअरला ०.३ व्होल्टच्या आसपास तोटा. चालेल. याहून बारीक नको. फ्यूज बॅटरीच्या टोकाला बसवा, कारण वायर शॉर्ट झाली तर खरा करंट बॅटरीतून येतो. इंजिन चालू असताना बॅटरीचा मुख्य खटका कोणी बंद करू नये, तशी पाटीच लावा. पेट्रोल इंजिन असेल तर ठिणगी बाहेर न पडणारा अल्टरनेटरच घ्यायचा. आणि नव्या पट्ट्याचा ताण काही तास चालल्यावर पुन्हा तपासा, तो पहिल्यांदा सैल होतोच. हो, हो, माइक देतोय.