तिसऱ्या सेमिस्टरचं वेळापत्रक

श्रोतेहो, नमस्कार.

मे महिन्यातलं बडोदं. दुपारी दोनला रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, आणि तशा उन्हात माझी भाची दांडिया बाजारातून स्कूटर दामटत माझ्याकडे आली. बारावी सायन्स, ए ग्रुप म्हणजे गणितवाला, मार्क चांगले; पुढे काय शिकायचं हे ठरवायचं होतं. हातात वही, वहीत तीन रकाने: कॉम्प्युटर, केमिकल आणि बीएस्सी स्टॅटिस्टिक्स. प्रत्येकाखाली कोण काय म्हणालं तेवढंच लिहिलेलं. बाबा म्हणतात कॉम्प्युटर. क्लासचे सर म्हणतात केमिकल, कारण इथे कोयलीच्या रिफायनरीपासून नंदेसरीच्या कारखान्यांपर्यंत सगळं केमिकलच आहे. स्टॅटिस्टिक्सखाली कोणाचंच नाव नव्हतं. मी विचारलं, हे कोण म्हणतं? तर म्हणाली, "मावशी, ते मीच."

स्वतःचं नाव लिहायचं तिला सुचलंच नव्हतं.

आता, तिला शहाणपण शिकवायचा मला फारसा अधिकार नाही. मी फिजिक्स घेतलं ते मैत्रिणीने घेतलं म्हणून. ती दुसऱ्या वर्षी लग्न होऊन पुण्याला गेली आणि फिजिक्स माझ्या गळ्यात राहिलं. पुढे तीस वर्षं तेच शिकवलं आणि त्यात रमलेही, पण ते माझं नशीब. माझ्याच वर्गात अशाच कारणाने आलेली आणि न रमलेली मुलं मी दरवर्षी बघत होते.

त्यातल्या बहुतेकांना विषयाच्या नावानेच फसवलेलं असायचं. केमिकल इंजिनिअरिंगचंच घ्या. केमिस्ट्री आवडते म्हणून मुलं तिकडे जातात. पण तिथे केमिस्ट्री थोडी आणि गणित-फिजिक्स उदंड. टेस्ट ट्यूबमध्ये जे घडतं ते टाकीत घडवायचं तर काय होतं, हा तो विषय. तुम्ही घरी बासुंदी आटवली असेल. वाटीतली लगेच निवते, पातेल्यातली रात्रीपर्यंत कोमट राहते. भांडं सगळ्या बाजूंनी दुप्पट केलं की आतला माल आठपट होतो, पण उष्णता बाहेर सोडणारा पत्रा चारपटच वाढतो. बासुंदीचं ठीक आहे, पण आतली रिअ‍ॅक्शनच उष्णता सोडत असेल तर? ती बाहेर कशी काढायची, पंप केवढा लावायचा, पाइपात वेग किती ठेवायचा, याची आकडेमोड म्हणजे केमिकल इंजिनिअरिंग. हे ऐकून ज्याचे डोळे चमकतील त्याने जरूर जावं. ज्याला फक्त रंग बदलणारी द्रावणं आवडतात त्याने बीएस्सी केमिस्ट्रीचा विचार करावा.

इतर विषयांतही हीच गत. स्टॅटिस्टिक्स म्हणजे सरासरी काढणं नव्हे. तिथे संभाव्यता आहे आणि सिद्धता लिहायच्या असतात. गणित टाळायला सायकॉलॉजी घेणाऱ्यांना तिथे स्टॅटिस्टिक्सच गाठतं. इकॉनॉमिक्समध्ये कॅल्क्युलस निघतं.

म्हणून भाचीला मी म्हटलं, वही मिट आणि तिन्हींचा अभ्यासक्रम उघड. विद्यापीठांच्या वेबसाइटवर तो असतो, पण उघडतं कोण? पहिलं वर्ष सोडून दे, इंजिनिअरिंगला ते बहुतेक सगळ्या ब्रँचना सारखंच असतं. तिसरं सेमिस्टर वाच. लेक्चर किती, लॅब किती ते बघ. मागच्या वर्षीचा पेपर मिळव. सोडवता येणार नाहीच, पण कुठल्या प्रश्नावर हात शिवशिवतो ते कळेल.

मग दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी सयाजीराव विद्यापीठात गेलो. बडोदा कॉलेजच्या घुमटाखालून जाताना ती जरा गप्प झाली. तिची शाळा गुजराती माध्यमाची, घरात मराठी, आणि इथे शिकवणार इंग्रजीतून. भीती वाटणारच. बाहेर सेवउसळीच्या गाडीवर तिसऱ्या वर्षाची दोन मुलं भेटली. त्यांना मी दोनच गोष्टी विचारल्या: एटीकेटी, म्हणजे नापास विषय डोक्यावर घेऊन पुढे जाणं, सगळ्यात जास्त कुठल्या पेपरला लागते? आणि प्रॅक्टिकलला स्वतः हात लावायला मिळतो, की एक जण करतो आणि तिघं वहीत उतरवतात? इंग्रजीचं भाचीनेच विचारलं. त्यातला एक हसून म्हणाला, पहिली दिवाळी येईपर्यंत त्रास होतो.

हात लावण्यावरून आठवलं. बडोद्यात काय शिकावं यावर कोणी बोलायला लागलं की दादासाहेब फाळके येतातच. सयाजीराव महाराजांच्या काळात १८९० साली निघालेल्या कलाभवनात, म्हणजे इथल्या कला आणि तंत्रशिक्षणाच्या संस्थेत, ते शिकले, आणि मग त्यांनी सिनेमा काढला. तेव्हा मुलांनो, आवडीचं शिका! मला हे उदाहरण नेहमी घाईत सांगितल्यासारखं वाटतं. फाळके कलाभवनात होते तेव्हा सिनेमाचं पहिलं जाहीर प्रदर्शनसुद्धा झालेलं नव्हतं. नंतर त्यांनी गोध्र्याला फोटोग्राफीचा धंदा केला, पुढे छपाई केली, आणि 'राजा हरिश्चंद्र' आला १९१३ मध्ये. मधली वीसेक वर्षं आपण गाळूनच टाकतो. त्यांच्या कामी आली ती कॅमेऱ्याशी आणि डार्करूमशी झालेली झटापट. ब्रँचचं नाव काय होतं हे कोणी विचारतही नाही.

आता थोडं फॉर्मबद्दल, कारण दर उन्हाळ्यात याच गोष्टीसाठी फोन येतात. गुजरातमध्ये इंजिनिअरिंगचा प्रवेश एसीपीसीतून, म्हणजे व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या राज्य प्रवेश समितीतून होतो आणि सरकारी विद्यापीठांतल्या बीए, बीकॉम, बीएस्सीचा जीकॅस या राज्याच्या सामायिक प्रवेश पोर्टलवरून. दोन्ही वाटा खुल्या ठेवायच्या तर दोन्ही फॉर्म भरा. कॉलेजांचा क्रम लावताना एक गैरसमज हटकून असतो: वर अवघड कॉलेज टाकलं तर खालचं हातचं जातं. तसं होत नाही. मेरिट नंबराप्रमाणे तुमची पाळी आली की यादी वरून खाली पाहिली जाते आणि जिथे पहिली जागा मिळते तिथे नाव लागतं. तेव्हा खरोखर हवं ते वर लिहा. मात्र जिथे जायचंच नाही ते भरतीसाठी लिहू नका, कारण नेमकं तेच मिळतं. मॉक राऊंड, म्हणजे जागावाटपाची रंगीत तालीम, असतो तो अंदाजासाठी, त्यावरून रडारड नको.

भाचीने कॉम्प्युटर खोडलं नाही. अभ्यासक्रम वाचल्यावर तिला त्यातलं डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, म्हणजे सुट्या सुट्या गोष्टींचं गणित, आवडलं, आणि बाबांचं म्हणणं अगदीच वाया गेलं नाही याचा आमच्या भाऊजींना आनंद झाला. केमिकल गेलं. स्टॅटिस्टिक्सच्या रकान्यात आता 'मी' असं लिहिलेलं आहे. कॉम्प्युटरच्या रकान्यातही 'बाबा'च्या खाली तिने बारीक अक्षरात 'मी' लिहिलंय. तेवढं मात्र पेन्सिलने. शेवटच्या तारखेला अजून चार दिवस आहेत.

नमस्कार.