ठणका थांबला नव्हता

(बंद शटर. निर्मनुष्य रस्ता.)

२५ मार्च २०२०. कोरोनामुळे देशभर टाळेबंदी लागली. लोकल थांबल्या, शाळा थांबल्या. दाढेचा ठणका मात्र कुणाचं ऐकत नाही.

दिवसा तो एक वेळ सोसवतो. रात्री पाठ टेकली की डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो, आणि दाताच्या कठीण भिंतींत कोंडलेल्या नसेला फुगायला जागाच नसते. लवंग दाबून झाली, मिठाच्या गुळण्या झाल्या, की डॉक्टरांना फोन जायचा.

(मोबाइलवर सुजलेल्या गालाचा फोटो.)

डॉक्टर विचारायचे, तोंड किती उघडतंय? दोन बोटं आत जातात का? गिळताना त्रास होतोय? जीभ वर उचलल्यासारखी वाटते? या प्रश्नांवर जीव अवलंबून असायचा. खालच्या दाढेचा जंतुसंसर्ग जिभेखाली पसरला, तर श्वास कोंडू शकतो. असा रुग्ण तडक मोठ्या रुग्णालयात, टाळेबंदी असो वा नसो.

बाकीच्यांना गोळ्या. पण आतली नस सुजली असेल, तर अँटिबायोटिकने ठणका जात नाही. दात उघडून दाब मोकळा करावा लागतो.

(एअरोटर, जवळून.)

आणि दात उघडतो तो हा एअरोटर, दात कोरायचं यंत्र. मिनिटाला तीन-चार लाख फेरे, सोबत पाण्याचा फवारा. त्या तुषारांत रुग्णाची लाळ मिसळते, हवेत तरंगत राहते. डॉक्टरांचा चेहरा जेमतेम हातभर अंतरावर. ज्याने आराम पडायचा, त्याचंच भय.

१९ मेला केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या सूचना आल्या. प्रतिबंधित क्षेत्रातले दंतवैद्यकीय दवाखाने बंदच, रेड झोनमध्ये, म्हणजे जास्त संसर्गाच्या भागात, केवळ तातडीचे उपचार. मुंबई, पुणे रेड झोनमध्येच होते.

पीपीई किटमध्ये घामाने निथळत, धुरकटलेल्या फेस शील्डमधून डॉक्टर दाढ बघायचे. रूट कॅनाल केलं तर ती वाचेल, हे त्यांना दिसायचं. पण त्यासाठी एअरोटर चालवायचा, रुग्णाला पुन्हा पुन्हा बोलवायचं. म्हणून चिमटा हाती यायचा. वाचण्यासारख्या दाढाही अशा गेल्या. यात दोष डॉक्टरांचा नाही, असं मला मनापासून वाटतं.

(ट्रेमध्ये काढलेली दाढ. उघड्या खिडक्या.)

खोलीत हवा खेळेपर्यंत पुढच्याला आत घ्यायचं नव्हतं. गालावर हात धरून तो खाली, फुटपाथवर उभा.