जुन्या शहराच्या गल्लीत मोठी गाडी

नमस्कार मंडळी. हल्ली आपली बरीच मराठी कुटुंबं युरोपात मोटरहोम भाड्याने घेऊन फिरतात, झोपणं गाडीतच, स्वयंपाक गाडीतच, पोरंबाळं असली की फारच सोयीचं. पण हीच गाडी इटलीतल्या सिएना नाहीतर फ्लॉरेन्सच्या जुन्या भागात घालायचा विचार असेल तर मी कळकळीने सांगतो, नका घालू.

मोटरहोमची रुंदी साधारण 2.3 मीटर, आरसे उघडले की अजून वाढली, उंची तीन मीटरच्या आसपास. आणि सिएना बघा, टेकड्यांच्या धारेवर, तटबंदीच्या आत, मध्ययुगात वसलेलं गाव, माणसं आणि ओझ्याची जनावरं जातील एवढीच वाट ठेवलेली. वरून बाल्कन्या, दुकानाच्या पाट्या, दिव्याच्या दांड्या पुढे आलेल्या, आणि आपण बघत असतो फक्त खाली.

खरा घात होतो वळणावर. मागच्या चाकांच्याही मागे गाडीचा जो लांबलचक भाग असतो ना, तो उजवीकडे वळलात की डावीकडे बाहेर जातो, आणि त्याच वेळी उजवं मागचं चाक कोपरा कापत आत येतं, म्हणजे एकाच वळणात दोन्हीकडे घासायची भीती. त्यात तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायचं, स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे उजवं वळण सगळ्यात आखूड आणि नेमका तोच कोपरा आपल्याला लांब, आपल्या सवयीच्या बरोबर उलट. अडकलातच तर नाक चौकात बरंच पुढे जाऊ द्या, मग स्टिअरिंग फिरवा. रिव्हर्स घेताना एकाने खाली उतरून मागे उभं राहायचं, आणि तो आरशात दिसेनासा झाला की लगेच ब्रेक.

इटलीत झेडटीएल पण आहे, म्हणजे परवान्याशिवाय गाडी न्यायला बंदी असलेला शहराचा भाग. लाल कडेची पांढरी गोल पाटी, शेजारी कॅमेरा, आणि दिव्याच्या बोर्डावर 'वार्को अत्तीवो' (म्हणजे बंदी आत्ता चालू आहे) दिसलं तर परवान्याशिवाय आत जायचं नाही. जितक्या वेळा शिराल तितके दंड, नोटीस कधीकधी काही महिन्यांनी घरी येते, भाड्याची गाडी असेल तर कंपनी आपला चार्ज वेगळा लावते.

मला हे नियम मनापासून पटतात. ॲमस्टरडॅममध्ये 2020 साली ग्रिम्बुर्गवाल कालव्याच्या काठची भिंत कोसळली, तिथले कितीतरी जुने काठ आणि पूल लाकडी खांबांवर उभे आहेत, त्यांच्यावर जड गाड्या किती सोडायच्या? 2024 पासून साडेसात टनांवरच्या टुरिस्ट बस शहराच्या मध्यभागात बंदच केल्यात, बरं केलं.

फ्लॉरेन्सला जाणार असाल तर ए-1 मोटरवेवर व्हिला कोस्तान्झा पार्किंग आहे, मोटरवेवरूनच आत शिरायचं, टोलनाक्यातून बाहेर पडावं लागत नाही. गाडी तिथे लावा, टी-1 ट्राम धरा, वीस-पंचवीस मिनिटांत सांता मारिया नोवेल्ला स्टेशन, आणि तिथून दुओमो, म्हणजे तिथलं मोठं चर्च, चालत.