वाघ हिरवा दिसतो, पण कुणाला?

कुत्र्याला सगळं ब्लॅक अँड व्हाइट दिसतं असं किती जणांना वाटतं? हात वर करा बघू. बरेच आहेत की! तर तसं नाहीये. आपल्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या शंकूपेशी तीन प्रकारच्या असतात, कुत्र्याच्या डोळ्यात दोन, त्यामुळे निळा आणि पिवळा त्याला छान कळतो पण लाल-हिरव्यात घोळ होतो. हिरवळीवर लाल बॉल टाकलात आणि तो बिचारा हुंगत फिरत बसला तर त्याला मठ्ठ म्हणू नका, निळा बॉल घ्या.

हरणाचंही तेच, दोनच प्रकार. म्हणजे आपल्याला भडक केशरी दिसणारा वाघ हरणाला गवतात मिसळलेला, हिरवट असा काहीतरी दिसतो. मग वाघ सरळ हिरवाच का नाही झाला? कारण सस्तन प्राण्यांच्या केसात रंगद्रव्यं दोनच, एक काळं-तपकिरी आणि दुसरं तांबूस-पिवळं, हिरव्याचा माल दुकानातच नाही. पण गिऱ्हाइकालाच फरक कळत नसेल तर केशरी खपून जातो.

आणि रंगद्रव्य घातलंच नाही की पांढरा. आता गंमत बघा, काळ्या-पांढऱ्यातला फरक हा मुळात उजेडाचा फरक आहे, तो कळायला शंकूपेशी लागतच नाहीत, अंधुक प्रकाशात काम करणाऱ्या दंडपेशींनाही तो कळतो. म्हणून स्कंकसारखा घाणेरडा फवारा मारणारा, रात्री हिंडणारा प्राणी काळा-पांढरा असणं मला फार हुशारीचं वाटतं, कारण समोरचा कुणीही असो, ‘लांब राहा’ ही पाटी वाचता येते. पेंग्विन मात्र हेच दोन रंग लपायला वापरतो: वरून बघितलं तर काळी पाठ खोल पाण्यात मिसळते, खालून बघितलं तर पांढरं पोट वरच्या उजेडात.

झेब्र्यावर मात्र जरा थांबूया. पट्ट्यांमुळे सिंह गोंधळतो असं आपण शाळेपासून ऐकतो. पण 2016 मध्ये सिंहाच्या नजरेचा हिशोब मांडला गेला तेव्हा असं निघालं की दिवसाउजेडीसुद्धा साधारण 50 मीटरच्या पुढे सिंहाला पट्टे वेगळे दिसतच नाहीत, आणि तेवढ्या जवळ आल्यावर वास, आवाज सगळंच कळतं, मग पट्ट्यांचा उपयोग काय?

उपयोग बहुतेक चावऱ्या माशांसाठी. 2019 मध्ये ब्रिटनमध्ये साध्या घोड्यांना काळी, पांढरी आणि पट्ट्यापट्ट्यांची झूल घालून बघितलं. माशा सगळ्यांजवळ सारख्याच यायच्या, पण पट्ट्यांवर त्यांना धड उतरता येईना, वेग कमी न करता येऊन आपटायच्या नाहीतर बाजूने निघून जायच्या. त्याच घोड्यांच्या उघड्या डोक्यावर मात्र खुशाल बसायच्या!

त्याच वर्षी जपानमध्ये काळ्या गायींवर पांढरे पट्टे रंगवले, तर माशा चावण्याचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. आता तुम्ही म्हणाल, माशा पेंटच्या वासानेच पळाल्या असतील. ही शंका त्या लोकांनाही आली असणार, कारण त्यांनी काळ्या गायींवर काळेच पट्टे रंगवूनही बघितले, आणि तेव्हा माशा नेहमीसारख्याच चावल्या.